वरच्या विभागात गेल्यावर चेंडूवरचा वेळ कुठे जातो?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू सावंतवाडीचा, वय 22, गेली दोन वर्षे गोव्यातील एका फुटबॉल क्लबकडून मध्यरक्षक म्हणून खेळतोस. मागच्या मोसमात तुमचा संघ खालच्या विभागात पहिला आला आणि बढती मिळवून वरच्या विभागात गेला; मात्र तेव्हा प्रत्येक सामन्यात पहिल्या अकरांत असलेला तू यंदा सहांपैकी चार सामने बाकावर बसून पाहिलेस. चेंडू पायात येताच अंगावर कोणीतरी असतोच, दम कमी पडतो असे वाटते, म्हणून रोज पहाटे आणखी आठ किलोमीटर धावायला सुरुवात करू का, असे तू विचारतोस. माझे उत्तर ‘करू नकोस’ असे आहे, आणि ते मी माझ्या नडगीच्या हाडावरून शिकलो आहे.

1994 साली मीही असाच वेंगुर्ल्याहून बांद्यामार्गे एस.टी.ने म्हापशाकडे खेळायला जात असे. आमचा संघ वर गेला आणि पहिल्या तीन सामन्यांत मला चेंडू नीट लागेना. मी कमी पडतो आहे याचा अर्थ माझे पाय कमी पडत आहेत, असाच मी लावला. सागरेश्वराच्या किनाऱ्यावर रोज पहाटे मऊ वाळूत धावायचे, संध्याकाळी जांभ्याच्या टणक मैदानावर सराव करायचा आणि रविवारी सामना खेळायचा, असे पाच आठवडे केल्यावर नडगीला अशी कळ लागली की पुढचे दोन महिने मी मैदानाबाहेर होतो. परतलो तेव्हा दम भरपूर होता, पण चेंडूवरचा वेळ, म्हणजे चेंडू पायात आल्यावर मिळणारी सवड, पूर्वीइतकाच अपुरा होता.

वरच्या विभागातले खेळाडू जास्त धावतात, ही समजूत जवळपास प्रत्येक तरुण खेळाडूची असते. इंग्लंडमधील वरच्या तीन विभागांतील खेळाडूंच्या सामन्यांतील धावण्याची तुलना करणारा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेगाने धावण्याचे अंतर प्रीमियर लीगच्या खेळाडूंपेक्षा खालच्या दोन विभागांतील खेळाडूंचेच अधिक भरले, आणि वरच्यांचे वेगळेपण पासांची संख्या, अचूक पास आणि चेंडूवरचे स्पर्श यांत दिसले. याचे कारण मला पटण्यासारखे वाटते. खाली चेंडू वारंवार हातचा जातो, लांब मारला जातो, आणि मग सगळे त्याच्यामागे धावतात. वर चेंडू टिकतो, त्यामुळे त्याच्यामागे धावण्यापेक्षा तो कुठे जाणार हे आधी ओळखणारा खेळाडू उपयोगी पडतो. तुला जो दम कमी पडल्यासारखा वाटतो, तो बहुतेक वेळा उशिरा सुटल्यामुळे दोन पावलांच्या जागी दहा पावले धावावे लागल्याचा थकवा असतो.

म्हणून प्रश्न वेळेचा आहे. खालच्या विभागात चेंडू घेतल्यावर मान वर करून पाहायला तुला जो दीड-दोन सेकंदांचा अवकाश मिळत होता, तो आता मिळणार नाही. मग ते पाहणे चेंडू येण्याआधी उरकावे लागते. आमचे म्हापशाचे प्रशिक्षक सरावात एकच वाक्य ओरडत असत, ‘बॉल येवचे आदीं पळय रे!’ म्हणजे कोकणीत ‘बॉल येण्याआधी बघ रे!’ आम्हाला तेव्हा ती नेहमीची ओरड वाटे. पुढे कितीतरी वर्षांनी गेअर योर्देत या नॉर्वेच्या संशोधकाचे काम वाचनात आले आणि त्या वाक्याचे मोल कळले. त्यांनी प्रीमियर लीगमधील 118 मध्यरक्षक आणि आघाडीपटूंचे चित्रीकरण तपासून, चेंडू मिळण्याआधीच्या दहा सेकंदांत कोण किती वेळा चेंडूवरून नजर काढून आजूबाजूला पाहतो, याची मोजणी केली. जे अधिक वेळा पाहत होते, त्यांचे पास अधिक प्रमाणात सहकाऱ्यापर्यंत पोहोचत होते. चेल्सीचा मध्यरक्षक फ्रँक लॅम्पार्ड त्या मोजणीत अगदी वरच्या खेळाडूंपैकी होता. लॅम्पार्ड काही विजेच्या वेगाने पळणारा खेळाडू नव्हता, हे तुझ्या पिढीने त्याचे जुने सामने पाहून जरूर तपासावे.

ही सवय लावता येते, पण ‘आजपासून जास्त पाहीन’ असे ठरवून ती लागत नाही. पाहायचे कधी, हे आधी शिकावे लागते. चेंडू एका सहकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात असताना, म्हणजे तो वाटेत असताना, त्या वेळेत त्याचे काहीही बदलणार नसते. तेवढ्या क्षणात मागे एका खांद्यावरून पाहायचे. सहकाऱ्याने चेंडू थांबवला की पुन्हा नजर त्याच्यावर आणायची, आणि त्याने पाय मागे नेला की दुसऱ्या खांद्यावरून पुन्हा एकदा पाहायचे. दुसरे म्हणजे अंगाची ठेवण. जांभ्याच्या मैदानावर वाढलेली आपली मुले चेंडूकडे पूर्ण तोंड करून, दोन्ही पाय रोवून उभी राहतात, कारण तिथे चेंडू कधी कुठे उसळेल याचा भरवसा नसतो आणि छाती मध्ये घालणे हाच शहाणपणा असतो. त्या मैदानाने तुला पहिला स्पर्श दिला आहे, त्याबद्दल मी त्याला नावे ठेवणार नाही. पण कृत्रिम गवतावर चेंडू सरळ आणि झपाट्याने येतो, आणि तिथे तसे उभे राहिलास तर पाठीमागचा प्रतिस्पर्धी तुला दिसणारच नाही. अर्धवट वळून उभा राहा आणि चेंडू लांबच्या पायावर घे, म्हणजे पहिल्या स्पर्शातच पुढची दिशा मिळते. चार जणांनी गोलात चेंडू फिरवायचा आणि दोघांनी मध्ये राहून तो अडवायचा, हा तुमचा नेहमीचा खेळ असेलच. त्यात स्वतःसाठी एक अट घाल: चेंडू तुझ्याकडे निघण्यापूर्वी मधल्या दोघांपैकी जवळचा कोण, हे तुला मोठ्याने सांगता आले पाहिजे. पहिला आठवडा पासही चुकतील आणि सहकारी वैतागतील. ते सहन कर.

इथपर्यंत तुझ्या एकट्याच्या हातातली गोष्ट झाली. दुसरा बदल संघाचा आहे, आणि त्याकडे तुझ्या प्रश्नात लक्ष गेलेले दिसत नाही. मागच्या वर्षी चेंडू बहुतेक वेळ तुमच्याकडे असे. आता तो समोरच्यांकडे असतो. बर्नली हा इंग्लिश संघ 2022-23 मध्ये दुसऱ्या विभागात 46 सामन्यांत 101 गुण मिळवून वर गेला, आणि पुढच्याच मोसमात 38 सामन्यांत अवघे 24 गुण मिळवून परत खाली आला. साउदॅम्प्टनने 2024-25 मध्ये गोलरक्षकापासून आखूड पास देत खेळायचा आपला बाणा वरही तसाच चालवला आणि त्यांना 12 गुण मिळाले. 2023-24 आणि 2024-25 अशा सलग दोन मोसमांत प्रीमियर लीगमध्ये वर आलेले तिन्हीच्या तिन्ही संघ खाली गेले. आपल्याकडे देशातल्या सर्वात वरच्या आयएसएलमध्ये त्या मोसमांत पदावनती नव्हती, म्हणजे तळाच्या संघाला खाली पाठवत नसत, त्यामुळे तेथील संघांना शिकायला सवड मिळाली. पंजाब एफसी 2022-23 ची आय-लीग जिंकून वर आला. त्यांना पहिला विजय डिसेंबरपर्यंत मिळाला नाही, तरी मोसमाअखेर ते बारा संघांत आठवे राहिले. पुढच्या वर्षी वर आलेला मोहम्मडन स्पोर्टिंग मात्र 24 सामन्यांत दोनच जिंकून तळाला गेला. यावरून मी एवढेच म्हणेन की हरण्याची सवय नसलेल्या संघाला आधी चेंडूविना खेळण्याची सवय करावी लागते.

हे चेंडूविना खेळणे म्हणजे काय, ते मी आमच्या मुलांना रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीवरून, सांगतो. होडी जाळे टाकत अर्धगोल फिरून येते आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसे दोर ओढू लागतात. एका बाजूने जोर करून भराभर ओढले आणि दुसरी बाजू मागे राहिली, तर मासळी त्या सैल बाजूने निघून जाते, आणि ज्याने जोर केला त्याचीही मेहनत वाया जाते. मैदानावर तू एकटाच चेंडूवाल्याच्या अंगावर धावून जातोस तेव्हा नेमके हेच घडते. खालच्या विभागात तो गडबडून चेंडू देऊन टाकत असे. इथे तो एका स्पर्शात तू सोडलेल्या जागेत पास देतो. तुझे प्रशिक्षक तुला बाकावर ठेवत असतील तर माझा अंदाज असा की कारण पासांपेक्षा हे असावे. त्यांना ‘मला का खेळवत नाही’ असे विचारू नकोस. ‘चेंडू समोरच्यांकडे असताना मी कोणत्या जागेवर असायला हवा होतो आणि कुठे होतो, हे मागच्या सामन्यातील दोन प्रसंग घेऊन सांगाल का’ असे विचार. असा प्रश्न ऐकून वैतागलेला प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

तू लिहिलेस की यंदा क्लबने तुझ्या जागी एक अनुभवी खेळाडू बाहेरून आणला, आणि ते वाक्य लिहिताना तुला किती लागले असेल ते मला कळते. ज्यांनी बढती मिळवून दिली त्यांनाच बाजूला बसवले जाते, हे फुटबॉलमध्ये सर्वत्र घडते आणि ते दुखतेच. तरीही त्या माणसाशी अबोला धरू नकोस. सरावात त्याच्या शेजारी उभा राहा, तो मान कधी वळवतो ते मोज. माझ्या काळी मी अशा एका ज्येष्ठाशी संपूर्ण मोसम बोललो नाही, आणि त्या मोसमात मला जे शिकता आले असते ते पुढे तीन वर्षे मी स्वतःच्या चुकांमधून शिकत राहिलो.

शिवाय किती काळ लागतो, याचा अंदाज असावा. इंग्लिश आघाडीपटू जेमी वार्डीचे आकडे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. 2011-12 मध्ये इंग्लंडच्या पाचव्या विभागात फ्लीटवुडकडून 31 गोल. मग लेस्टरकडे थेट दुसऱ्या विभागात गेल्यावर पहिल्या मोसमात 4, दुसऱ्यात 16. संघ प्रीमियर लीगमध्ये चढल्यावर पहिल्या मोसमात 5, आणि त्यापुढील 2015-16 मध्ये 24 गोल व लीगचे विजेतेपद. पायरी चढली की प्रत्येक वेळी एक मोसम कोरडा गेला आहे, आणि तो मोसम त्याने सोडून दिला नाही. याच्या उलट नॉर्विचच्या टीमू पुक्कीने 2019 मध्ये वर येताच पहिल्या तीन सामन्यांत पाच गोल केले होते, पण बचावपटूंनी त्याच्या पळण्याच्या वाटा ओळखल्यावर पूर्ण मोसमात त्याचे 11 झाले. तुझाही एखादा सामना झकास गेला तर पुढच्या वेळी समोरचे तुला ओळखून येतील, हे ध्यानात ठेव.

प्रवास आणि जेवण यांबद्दल थोडेच लिहितो. नोकरी करून आठवड्यातून चार दिवस सावंतवाडी-म्हापसा ये-जा करणाऱ्याने पहाटे आठ किलोमीटर धावण्याऐवजी तो एक तास झोपावे. सामन्याच्या तीन तास आधी भात आणि आमटी पुरे, तळलेली मासळी रात्रीसाठी ठेव. आपल्या दमट हवेत घाम भरपूर जातो, तेव्हा मध्यंतरात नुसते पाणी न पिता मीठ-साखर घातलेले कोकमाचे सरबत बाटलीत ने. धावण्याची हौसच असेल तर आठवड्यातून दोनदा, मैदानावरच, वीस-वीस मीटरच्या आठ-दहा जोरदार धावा आणि मध्ये पुरती विश्रांती एवढे कर.

आता एक काम कर. पुढच्या सामन्यात तुला अर्धा तास जरी मिळाला, तरी मित्राला गॅलरीतून मोबाइलवर केवळ तुझे चित्रीकरण करायला सांग. चेंडू चौकटीत नसला तरी चालेल. रात्री ते बघून, तुला चेंडू मिळाला अशा प्रत्येक वेळी त्याआधीच्या दहा सेकंदांत मान किती वेळा वळली, ते वहीत लिही. तीन सामन्यांचे आकडे जमले की इथेच कळव, मग त्यावर पुढे बोलू.