खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं ॲक्रोपोरा (फांद्यांचं कोरल) बुडापासून रोज थोडं थोडं पांढरं पडतंय. लाइट कमी करू की आयोडीनचा डिप देऊ, म्हणजे आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढू?

लाइटला हात लावू नका. आधी टिश्यू (सांगाड्यावरचा जिवंत थर) गेलाय की नुसता रंग, ते बघा. रात्री लाइट बंद झाल्यावर टॉर्च मारा. पांढऱ्या भागावर पॉलिप (कोरलचे बारीक जीव) दिसले तर टिश्यू शाबूत आहे, नुसता रंग गेलाय, ते ब्लीचिंग. कोरा सांगाडा दिसला तर टिश्यू गेला. तुम्ही ‘बुडापासून, रोज थोडं थोडं’ लिहिलंय, म्हणजे हे ब्लीचिंग नाही, टिश्यूच जातोय.

एवढं ठासून सांगतोय, कारण यावरून आमच्या घरात वाद झालाय. मी घोडबंदर रोडला राहतो, आमचे भावोजी नेरूळला. त्यांचा टँक माझ्याहून मोठा आणि जुना. मे महिन्यात माझ्या ॲक्रोपोराचं बूड पांढरं व्हायला लागलं, तेव्हा ते आले आणि ‘भाजलंय, लाइट निम्मा कर’ असा निकाल देऊन मोकळे झाले. अहो, लाइट वरून येतो! भाजलं तर आधी वरची बाजू भाजेल, बूड तर फांद्यांच्या सावलीत असतं. मी हे तेव्हाच बोललो, पण जावयाच्या शब्दापुढे आमच्याकडे कुणाचं चालत नाही. आईसुद्धा म्हणाली, ते सांगतायत तर ऐक ना.

मी ऐकलं नाही. आकडे सगळे ठीक होते: खारटपणा ३५, कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट) ८.२ डीकेएच, हे तिचं माप. पण ते रविवार सकाळचे. म्हणून रोज सकाळ-रात्र अल्कलिनिटी मोजायला घेतली. ज्या दिवशी वीज जायची, त्या रात्री आकडा साडेनऊच्या वर! वीज परत आली की डोसर (अल्कलिनिटीचं द्रावण ठरल्या वेळी सोडणारा पंप) घड्याळ विसरायचा आणि दिवसाचा डोस पुन्हा पहिल्यापासून द्यायचा. त्यात माझं फॉस्फेट जवळजवळ शून्य, म्हणजे कोरल आधीच उपाशी. ॲक्रोपोरा साडेसातलाही जगतं आणि नऊलाही, हे असं वरखाली होणं त्याला सोसत नाही. डोसर इन्व्हर्टरवर घेतला, आकडा हळूहळू, दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या आत राहील असा खाली आणला, आणि बुडातून वर सरकणारी पांढरी रेघ थांबली. लाइट होता तेवढाच.

भावोजी म्हणतात, पाऊस आला, पाणी गार झालं म्हणून थांबलं. माझ्याकडे चिलर आहे, मेमध्येही पाणी २६ अंशच होतं. मग त्यांनी फ्लोरिडातल्या कोरलच्या एका रोगाचा (स्टोनी कोरल टिश्यू लॉस) लेख पाठवला, २०१४ मध्ये मायामीजवळ सुरू झालेला, ज्यावर तिथे ॲमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची पेस्ट लावतात. त्या रोगाचा तिथल्या ॲक्रोपोराला फारसा उपद्रवच होत नाही! टँक मोठा असला म्हणून निदान बरोबर येतं, हे मला मान्य नाही.

डिपचं म्हणाल तर कीड असेल तरच. मोठ्या सिरिंजने फांद्यांवर जोरात पाणी मारा. चपटे पारदर्शक किडे उडाले, टिश्यूवर गोल चावे किंवा बुडाशी तपकिरी अंडी दिसली, तर डिप द्या. डिपने अंडी मरत नाहीत, ती खरवडा आणि काही दिवसांनी पुन्हा डिप द्या. कीड नसेल तर आधीच थकलेल्या कोरलला आणखी त्रास कशाला?

हे सगळं हळू सरकणाऱ्या रेघेसाठी आहे. काही तासांत टिश्यू सोलून निघत असेल तर मोजत बसू नका, रेघेच्या बोटभर वर, चांगल्या टिश्यूतून बोन कटरने फांद्या कापा आणि जमलं तर वेगळ्या टँकमध्ये ठेवा.