कचरा, भंगार आणि भांगार

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांनी डिजिटल तंत्रज्ञानाच्या मदतीने सर्क्युलर बिझनेस मॉडेल (म्हणजे जुना माल टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवण्याची पद्धत) कसे स्वीकारावे, अशा एका माहितीपुस्तिकेचे मी मराठी करते आहे. यंत्राने “परिपत्रक व्यवसाय मॉडेल” असे भाषांतर दिले. ते चूक आहे एवढे कळते. मग वर्तुळाकार म्हणू, चक्रीय म्हणू की चक्राकार? आणि ई-कचरा, पुनर्चक्रण (रिसायकलिंग), रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) या शब्दांचे काय करू?’

परिपत्रक! म्हणजे साहेबाच्या सहीने निघते, फळ्यावर लागते आणि कोणी वाचत नाही ते. यंत्राला मी दोष देत नाही, बिचाऱ्याने सरकारी कागदच जास्त वाचलेले असणार. पण हेच ‘परिपत्रक अर्थव्यवस्था’ मी छापील पत्रकातही वाचले आहे, आणि ते पत्रक छपाईआधी निदान दोन माणसांच्या हातून गेले असेल.

चक्राकार लिहा. वर्तुळाकार हा नुसता आकार झाला, टेबलाचा किंवा चौथऱ्याचा. चक्रीय शब्द अर्थशास्त्रवाल्यांनी आधीच अडवून ठेवला आहे, तेजीमंदीच्या फेऱ्यात येते ती चक्रीय बेरोजगारी. चक्राकारात निदान फिरणे आहे. ‘मॉडेल’ला प्रारूप वगैरे म्हणू नका, ‘धंद्याची पद्धत’ म्हटले तर कारखानदारालाही कळेल.

पुनर्चक्रण मात्र खोडाच. पुनः पुढे च आला की विसर्गाचा श होतो, म्हणून पुनश्चक्रण. पटत नसेल तर ‘पुनश्च हरिः ॐ’ आठवा, ‘पुनर्च हरिः ॐ’ कोणी म्हटलेले ऐकले आहे का? ‘पुनर्प्रक्रिया’ही त्याच माळेतली, ती पुनःप्रक्रिया. आणि रिसायकलिंगला सर्रास ‘पुनर्वापर’ म्हणतात त्याने तर माझे डोके उठते. जुना फोन धाकट्या भावाला दिला तर तो पुनर्वापर. तो फोडून, वितळवून तांबे काढले तर फोन संपला, तांबे उरले. पुस्तिकेतला निम्मा मुद्दा याच फरकावर उभा असणार आणि तुम्ही दोन्हींना एकच शब्द लावून बसाल.

आता ई-कचरा. हा शब्द कायद्यात बसला आहे, तेव्हा तो निघणार नाही हे मला कळते. पण तो चुकीचा आहे हे मी म्हणत राहणार. संस्कृतात कच्चर म्हणजे मळकट, घाण, त्यावरून कचरा. कचरा टाकायचा असतो, भंगार घालायचे असते. कचरा न्यायला आपण पैसे देतो, भंगार न्यायला येणारा आपल्याला पैसे देतो. एवढा लख्ख फरक ज्या भाषेत आहे तिने जुन्या कॉम्प्युटरला कचरा म्हणावे?

आमच्याकडचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला तेव्हाची गोष्ट. मी समजत होतो, तो सगळे एकगठ्ठा काट्यावर ठेवील. त्याने जिन्याच्या पायरीवर बसून चार स्क्रू काढले, पत्र्याचा डबा एका अंगाला, वायर दुसऱ्या अंगाला. मग हिरवी पाटी उचलून तिरपी धरली, कडेची पिवळी दातरी उन्हात पाहिली आणि म्हणाला, ‘काका, बोर्डाचा भाव वेगळा.’ त्या पिवळ्या दातरीवर सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही, म्हणून जोड जिथे पक्का लागतो तिथे ते देतात. पण मला त्याचे एकच वाक्य ऐकू आले : भंगारात भांगार आहे.

इथून पुढे माझ्या आवडीचा भाग, कंटाळा आला तर शेवटी उडी मारा. कोकणीत भांगार म्हणजे सोने. गोव्यात सोनाराच्या दुकानात भांगाराचा भाव विचारतात आणि घाटावरून गेलेला माणूस दचकतो. जुन्या मराठीतही तेच, ज्ञानेश्वरीत भांगार येते ते सोने म्हणूनच. कानडीत बंगार, तेलुगूत बंगारम, तेही सोनेच. सगळ्यांचे मूळ सांगतात ते संस्कृत भृंगार, म्हणजे सोन्याची झारी. अमरकोशाने भृंगाराला ‘कनकालुका’ असा पर्याय दिला आहे, त्यात कनक उघडच आहे. म्हणजे आधी भांडे, मग त्या भांड्यावरून धातूचे नाव. आपल्या तांब्याचा प्रवास बरोबर उलटा : आधी तांबे हा धातू, त्यावरून तांब्या हे भांडे, आणि आता स्टीलचा तांब्या म्हणताना कोणालाही खटकत नाही. धातूचे भांडे आणि भांड्याचा धातू, चक्राकार म्हणतात ते याला!

भंगार, म्हणजे मोडके सामान, हा शब्द मात्र कोशवाले भंज् (मोडणे) या संस्कृत क्रियाधातूकडे नेऊन बांधतात. भंजन, भंगणे, भंगार. सरळ आहे. दोन शब्द वेगळे, एकमेकांशी नाते नाही, विषय संपला. मला हे पटत नाही. पटत नाही म्हणजे ध्वनीच्या अंगाने त्यांचे बरोबर असेलही, पण बाजाराच्या अंगाने नाही. मोडलेला डाग सोनाराकडे जातो, मोड म्हणून तोलला जातो आणि नवा होऊन येतो. धातू जितका मोलाचा तितकी त्याची मोड जपून ठेवलेली. मातीचे मडके फुटले की त्याची खापरी होते, तिला कोणी भंगार म्हणत नाही. म्हणजे भंगार या शब्दात नुसते मोडणे नाही, मोडल्यावर उरणारी किंमतही आहे. ती किंमत भंज् या क्रियाधातूत कुठून येणार? मला वाटते, भंगाराला भांगाराचा वास लागला आहे. दोन वेगळे शब्द एकाच काट्यावर इतकी वर्षे तोलले गेले की एकाची झिलई दुसऱ्याला चढली.

हे मी एकदा एका व्युत्पत्तिवाल्या गृहस्थांना सांगितले. ते म्हणाले, भृंगारातल्या ‘ऋ’चा प्राकृतात ‘इ’ होतो, भिंगार होते, तेव्हा तुमचे भांगारच मुळात संशयास्पद. वा! शृंगाचे शिंग झाले हे खरे. पण तृणाचे तण, पृष्ठाची पाठ, मृत्तिकेची माती? तिथे ‘ऋ’चा ‘अ’ झालाच ना? शिवाय भृंगाचा भुंगा आहे, त्यात तर उ. म्हणजे ऋ मराठीत येताना कोणत्या दाराने येईल हे सांगणारा नियम या गृहस्थांना एकट्यालाच सापडला आहे. (नगरजवळच्या भिंगारकरांनी यावर पत्रे पाठवू नयेत, तुमच्या गावाचा प्रश्न वेगळा आहे.)

असो. तुमच्या पुस्तिकेकडे येतो. हा वाद त्या विषयाबाहेरचा नाही.

टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानने लोकांकडून जुने मोबाइल आणि इतर यंत्रे गोळा केली. सुमारे ६२ लाख नुसते मोबाइल जमले आणि एकूण मालातून साधारण ३२ किलो सोने निघाले. खाणीत उतरायला नको, कपाटात उतरले तरी पुरे. दुसरीकडे २०२२ साली जगभर ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक भंगार निघाले आणि त्यातले नोंद ठेवून, रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेले ते फक्त २२.३ टक्के. आपल्याकडचे ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. त्यात उत्पादकाला नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडून माल प्रक्रियेला लागल्याची प्रमाणपत्रे घ्यावी लागतात आणि त्या प्रमाणपत्रांचा हिशोब सोने, तांबे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम असा धातूंवर चालतो. नावात कचरा, हिशोबात भांगार!

मग यात डिजिटल तंत्रज्ञान कशाला, असे तुमचा वाचक विचारील. त्या भंगारवाल्याची नजर कारखान्याला नसते म्हणून. त्याने बोर्ड हातात धरून ओळखला. कारखान्याकडे मात्र आपलाच फोन पाच वर्षांनी परत आला तर तो कोणाकडे होता, बॅटरी किती वेळा भरली गेली, कोणता भाग बदलला, यातले काहीच ठाऊक नसते. ठाऊक नसले की दुरुस्तीपेक्षा चुरा करणे स्वस्त पडते. युरोपीय संघ आता यासाठी टप्प्याटप्प्याने निरनिराळ्या वस्तूंना डिजिटल उत्पादन पासपोर्ट आणतो आहे, पहिली पाळी बॅटऱ्यांची. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीवर १८ फेब्रुवारी २०२७पासून क्यूआर कोड लागेल, आणि तो वाचला की तिची सगळी कथा निघेल.

पासपोर्ट हा शब्द मला पसंत नाही. पासपोर्ट हद्द ओलांडायला लागतो. हा तर सातबारा आहे! कोणाच्या नावे, आत काय पिकले, कोणाचा बोजा. दुरुस्ती झाली की फेरफाराची नोंद. ‘वस्तूचा सातबारा’ म्हणा, आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या इंजिनियर मुलाला एका दमात समजेल. तुमच्या साहेबांना गावठी वाटले तर ‘वस्तूचे नोंदपत्र’ लिहा आणि कपाळाला हात लावा.

माल विकायचाच नाही, वापराचे पैसे घ्यायचे, ही पद्धतही पुस्तिकेत असेल. फिलिप्सने २०१५मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाशी असा करार केला : दिवे कंपनीच्या मालकीचे, विमानतळ पैसे देतो ते उजेडाचे. दिवा लवकर बिघडला तर झळ कंपनीला, म्हणून ती तो टिकाऊ आणि उघडता येईल असा बनवते. याला ‘सेवा म्हणून उत्पादन’ असले काही लिहू नका, हात जोडतो. आपला मंडपवाला पिढ्यान् पिढ्या हेच करतो. पातेली त्याची, जेवणावळ तुमची, आणि प्रत्येक पातेल्याच्या काठावर ठोकून घातलेले त्याचे नाव. नाव नसते तर निम्मी पातेली व्याह्यांच्या घरी राहिली असती. क्यूआर कोड म्हणजे भांड्यावर घातलेले नाव, एवढेच समजावून सांगा आणि लिहा ‘भाडेपद्धत’.

रिफर्बिश्डचे राहिलेच. ‘नूतनीकृत’ लिहाल तर ग्राहक नवा समजून भांडायला येईल. ‘डागडुजी केलेला’ चालेल. यातला डाग म्हणजे कपड्यावरचा नव्हे, फुटक्या भांड्याला झाळून लावतात तो डाग, आणि फोनच्या बोर्डावर दुरुस्तीवाला बारीक टोकाने लावतो तोही तोच. डुजी कुठून आली यावर माझे एक मत आहे, पण ते मघाच्या गृहस्थांना आधी ऐकवायचे आहे.