सापाच्या पिल्लाचा टब : ऊब कुठे द्यायची, कशी मोजायची

कॉर्न स्नेकचं दहा इंची पिल्लू घेतोय. काचेच्या पेटीऐवजी प्लास्टिकच्या टबात ठेवलं तर चालेल का? – एक वाचक, मुलुंड

चालेल, आणि या वयात टबच बरा. मोठ्या, उघड्या पेटीत पिल्लू बुजतं आणि पुष्कळदा खाणं सोडतं. साधारण ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच टब घ्या. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असला, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. ते उष्णतेला टिकतं. झाकणाला क्लिपा हव्यातच. नुसतं दाबून बसणारं झाकण पिल्लू नाकाने रेटून उचलतं. झाकण लावल्यावर कडेने पेन्सिल फिरवून पाहा. जिथे ती शिरते, तिथून पिल्लूही निघतं.

हवेची भोकं ३ ते ४ मिलिमीटरची, सोल्डरिंग गनच्या तापल्या टोकाने, आतून बाहेर पाडा, म्हणजे खरबरीत कडा बाहेरच्या बाजूला राहतात. तरीही आतून पॉलिश पेपर फिरवा. एका आखूड बाजूला भोकं खालच्या अंगाला आणि समोरच्या बाजूला वरच्या अंगाला ठेवली की हवा खेळती राहते. तळाला किचन टॉवेल अंथरा. सुताराकडचा भुसा नको, त्याची धूळ बाधते. लपायच्या जागा दोन द्या, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच दिली तर पिल्लू लपण्यासाठी नको त्या तापमानातही बसून राहतं. लपण अंगाला घासेल इतकं तंग असावं आणि पाण्याची वाटी जड असावी, कलंडणारी नको.

टबाखाली विजेवर तापणारी हीट मॅट लावलीय. टबाच्या भिंतीवरचा थर्मामीटर २८ दाखवतो, पण कॉर्न स्नेकचं पिल्लू दिवसभर पाण्याच्या वाटीत बसतं. मॅट ठरल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट खरंच लागतो का? – एक वाचक, अंधेरी

मॅटचं बटण आत्ताच बंद करा, मग पुढचं वाचा.

भिंतीवरचा थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो. मॅट हवा फारशी तापवत नाही, तळ तापवते. हवा २८ अंशांवर असताना टॉवेलखालचा तळ ४० च्या पुढे गेलेला असू शकतो, आणि पिल्लू टॉवेलखाली शिरून नेमकं तिथेच पोट टेकतं. दिवसभर वाटीत बसणं हा बहुधा त्या उष्णतेपासून सुटायचा प्रयत्न आहे. पोटाला चटका बसत असूनही साप वेळेवर बाजूला होईल याचा भरवसा नसतो. खालचे खवले आधी लालसर दिसतात, मग फोड येतात. असं काही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच जा, घरचं मलम लावू नका. वाटीच्या पाण्यात बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले, तर उष्णतेबरोबर पिसवांसारख्या, रक्त शोषणाऱ्या बारीक माइट्सचाही संशय धरा.

थर्मोस्टॅट लागतोच. मॅट आधी आणि थर्मोस्टॅट पुढच्या महिन्यात, असं करू नका. मॅट ५ ते ७ वॉटची पुरते. ती टबाच्या बाहेर, तळाखाली, एका टोकाच्या फार तर एक तृतीयांश भागात लावा. टबाच्या कोपऱ्यांना रबरी पाय चिकटवून खाली सेंटिमीटरभर फट ठेवा. मॅटची उष्णता कोंडली तर मॅट आणि टब दोन्ही खराब होतात. थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरच्या टोकाचा, तापमान टिपणारा भाग) मॅट आणि टबाचा तळ यांच्या मध्ये ॲल्युमिनियम टेपने पक्का करा. दुसरा, वेगळा डिजिटल थर्मामीटर घेऊन त्याचा प्रोब आत, टॉवेलखाली, बरोबर मॅटच्या वर ठेवा. खरा आकडा तोच. तो कॉर्न स्नेकसाठी २९ ते ३०, बॉल पायथन या लहान परदेशी अजगरासाठी ३१ ते ३२ यायला हवा. प्लास्टिकमधून उष्णता कमी जाते, त्यामुळे बाहेरचा प्रोब दोन-चार अंश जास्त दाखवेल. आतल्या आकड्याकडे बघत थर्मोस्टॅट थोडाथोडा हलवा आणि चोवीस तास नोंद ठेवल्यावरच पिल्लू आत सोडा.

घोटाळा बहुतेक प्रोबपाशी होतो. प्रोब निसटून बाहेर लोंबला की तो खोलीची हवा मोजतो, थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि मॅट तापतच राहते. वाटी सांडून प्रोब ओला झाला तरी तेच होतं. म्हणून टब साफ करताना दर वेळी प्रोब जागेवर आहे का ते चाचपून पाहा. टबाच्या आत मात्र कुठलीही चिकटपट्टी लावू नका. पिल्लू तिला चिकटतं आणि ओढून काढताना कातडी फाटते.

मुंबईत ऊब बाराही महिने द्यावी लागते का? – एक वाचक, चेंबूर

खोली २८-२९ अंशांवर असली तर थर्मोस्टॅट मॅट क्वचितच चालू करतो, आणि तेच हवं. ती खरी लागते डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि एसी चालणाऱ्या खोलीत. एसीच्या झोतात टब कधीच ठेवू नका. खाल्ल्यावर गारठा लागला तर पिल्लू उंदीर उलटून टाकतं. तसं झालं तर किमान दहा दिवस पुन्हा भरवू नका. मे महिन्यात काळजी उलटी : खोली ३३ च्या वर गेली की मॅट बंद, टब जमिनीवर, खिडकीच्या उन्हापासून लांब. ऊन लागलेला बंद टब थोड्याच वेळात जीवघेणा होतो.

पावसाळ्यात टबाच्या भिंतींना आतून पाणी सुटतं. चालेल का? – एक वाचक, ठाणे

नाही. पाणी शिंपडणं थांबवा, वाटी लहान करून गार टोकाला न्या, भोकं वाढवा आणि टॉवेल रोज बदला. ओल्या तळावर पोटाचे खवले कुजतात. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे किंवा शिट्टीसारखा आवाज ही श्वसनसंसर्गाची लक्षणं आहेत. कात टाकायच्या वेळी मात्र एका लपणात ओलसर मॉस ठेवा, कात निघाली की काढून घ्या.

सोसायटीच्या बागेत सापाचं छोटं पिल्लू सापडलं. असंच टबात वाढवू का? – एक वाचक, बोरिवली

नको. दिवड, धामण, कवड्या, मांडूळ, अजगर, कुठलाही असो, आपले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि घरी ठेवणं गुन्हा आहे. विकत घ्यायच्या परदेशी जातींतही बॉल पायथन साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सापडलेलं पिल्लू लहान आहे म्हणून हातात घेऊ नका, घोणशीचं पिल्लू जन्मापासूनच विषारी असतं. लांबून नजर ठेवा, मुलांना मागे घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.