दिवाळीचा बोनस आणि दोन भावांचा अबोला

‘मॅडम, पगार चांगला आहे असं सगळे म्हणतात. मग आमची ओढाताण का संपत नाही? आणि कर आम्ही भरायचा, सवलती दुसऱ्यांनी घ्यायच्या, हा कुठला न्याय?’

मी समुपदेशक. नोकरदार माणसं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, ऑफिसला जावंसं वाटत नाही, अशा कारणांनी. दोन-तीन बैठकांत बोलणं या दोन प्रश्नांवर येतंच. मला हे प्रश्न किरकोळ वाटत नाहीत. पैशाचा विषय निघाला की ‘समाधान मानायला शिका’ असं सांगून मोकळं होणं सोपं असतं, पण त्यानं समोरच्याला आपली तक्रार ऐकलीच गेली नाही असं वाटतं. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि हिशेब समजावा म्हणून आकडे सरळ केले आहेत.

तो ३६ वर्षांचा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मोशीत हप्त्यावर घेतलेला फ्लॅट, मुलगी दुसरीत. बायको लग्नाआधी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघायची, आता घरी शिकवण्या घेते. गाव बार्शी तालुक्यात. वडील, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. धाकटा भाऊ शेती करतो आणि आई-वडील त्याच्याकडेच असतात.

दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या रात्री जेवताना विषय निघाला. २०२५च्या सप्टेंबरातल्या पावसानं सोलापूर-धाराशिवकडे काय हाल केले ते सर्वांनी पाहिलंय. धाकट्याचं सोयाबीन पाण्यात उभ्या उभ्या कुजलं होतं. तो नुकसानभरपाईबद्दल बोलत होता आणि हा एकदम म्हणाला, ‘तुला काय, तुझ्या मोटारीची वीजसुद्धा आम्हीच भरतो.’ धाकटा ताटावरून उठला. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. दरवर्षी गावाहून ज्वारीचं पोतं येतं, ‘या वर्षी पाठवू नकोस’ असं यानंच अण्णांच्या हाती कळवलं होतं. नंतर रात्री दोन-तीनला जाग यायला लागली, मुलीवर ओरडणं वाढलं, आणि बायको त्याला घेऊन माझ्याकडे आली.

पहिल्या बैठकीत तो सारखं एकच सांगत होता: ‘माझा तीस टक्के पगार सरकार घेतं.’ बायकोनं पर्समधून ऑक्टोबरची पगाराची स्लिप काढून टेबलावर ठेवली. ती घडी घालून घालून मऊ झाली होती. म्हणजे घरात हा कागद बऱ्याचदा उघडला गेला होता, पण दोघांनी मिळून एकदाही वाचला नव्हता.

आम्ही तो ओळ न ओळ वाचला. पॅकेज १४ लाख ३६ हजारांचं. त्यात दरमहा एक लाख, म्हणजे वर्षाचे १२ लाख. दिवाळीला मिळणारा, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस १ लाख २० हजार. कंपनीचा पीएफचा हिस्सा ७२ हजार. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, धरलेले सुमारे २९ हजार, गटविम्याचे १५ हजार. महिन्याच्या लाखातून त्याचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० जाऊन हातात ९३,८००. मित्रांच्या ग्रुपवर जो आकडा सांगितला जातो तो १४ लाख ३६ हजारांचा असतो, आणि घर चालतं ते ९३,८०० वर. माझ्या पाहण्यात निम्मी अस्वस्थता या दोन आकड्यांमधल्या अंतरातून येते.

मग आयकर. २०२५-२६ या वर्षी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य आहे, आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. नुसता पगार धरला तर तो करमुक्तच होता, म्हणून सप्टेंबरपर्यंत एक रुपयाही कापला गेला नव्हता. बोनस आला आणि करपात्र उत्पन्न १२ लाख ४५ हजार झालं. १२ लाख ओलांडले की ती सूट जाते आणि स्लॅबप्रमाणे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांच्या दरांनी, कर ६६,७५० होतो. पण १२ लाखांच्या जरासं वर गेलेल्यांवर, वरच्या रकमेपेक्षा जास्त कर लावायचा नाही असा नियम आहे. म्हणून कर ४५,००० आणि त्यावर चार टक्के उपकर १,८००. एकूण ४६,८०० आणि तेही कंपनीनं एकाच महिन्यात कापले. वरचे ४५ हजार सगळेच्या सगळे गेले, वर १,८०० खिशातून. आणि दुसऱ्या दिवशी हा गावाला निघाला!

‘म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो,’ तो म्हणाला. नव्हताच. वर्षभर राबून मिळवलेल्या बोनसमधले शेवटचे ४५ हजार पुरते कापले जाताना पाहिले की कुणालाही लुटल्यासारखं वाटेल. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. मग बायकोनं कॅल्क्युलेटर काढला. १३ लाख २० हजारांवर ४६,८००, म्हणजे शंभरातले साडेतीन रुपये. तीस नव्हे. आणि आदल्या वर्षीच्या दरांनी याच उत्पन्नावर ९२,५६० भरावे लागले असते. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. कर निम्म्यावर आला होता आणि त्याच वर्षी त्यानं भावाशी भांडण केलं होतं.

मी काही कर सल्लागार नाही. हा हिशेब मी सीए मैत्रिणीकडून तपासून घेतला, तेव्हा तिनं एक वाट दाखवली. मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीनं स्वतःच्या हिश्शातून कर्मचाऱ्याच्या एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, खात्यात भरली, तर ती नव्या कररचनेतही वजा होते. कर्मचाऱ्यानं स्वतः भरली तर होत नाही. त्याचं मूळ वेतन वर्षाला ६ लाख, म्हणजे मर्यादा ८४ हजार. त्याला हवे होते फक्त ४५ हजार. तेवढे त्याच पॅकेजमधून एनपीएसकडे वळवले की करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख आणि कर शून्य. पैसे बराच काळ, मुख्यतः साठीपर्यंत, अडकतात हे खरं, पण एरवी ते करातच जाणार होते. कंपनीत ही सोय होती. एचआरच्या मेलमध्ये दरवर्षी येत होती, आणि त्यानं ती मेल कधी उघडली नव्हती.

दुसऱ्या बैठकीसाठी मी त्याला एक काम दिलं: पैशाबाबत मनात जेवढ्या तक्रारी आहेत तेवढ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे तिचा पत्ता लिहा, म्हणजे ती दूर करणं कुणाच्या हातात आहे ते. हे काम मी बऱ्याच जणांना देते, कारण करावरचा राग बहुतेक वेळा योग्य असतो आणि तो चुकीच्या माणसावर निघतो. अर्थमंत्री काही आपल्या पंगतीला नसतात. भाऊ असतो, बायको असते.

त्याची यादी दोन पानांची झाली. बोनस करात गेला, पत्ता कंपनीचा एचआर विभाग. मालमत्ता कर भरूनही सोसायटीला टँकर लागतो, पत्ता महापालिका. तिथे त्यानं कंसात लिहिलं होतं, ‘पण नगरसेवकच नाही.’ ते खरंच होतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली होती आणि तेव्हापासून प्रशासकच कारभार बघत होते. कर घेणारा आहे आणि जाब विचारायला कुणी नाही, याचा संताप मला तरी पूर्ण रास्त वाटतो. शेतीच्या नावाखाली दुसरं उत्पन्न दाखवून कर चुकवणारे, पत्ता आयकर खातं आणि खासदार. अण्णांना जुनं पेन्शन आणि मला ईपीएसचं (पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेचं) किरकोळ, पत्ता केंद्र सरकार. इथेही तो चुकत नव्हता. ईपीएससाठी पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४पासून १५ हजारांवर होती. त्या हिशेबानं ३५ वर्षं नोकरी करून महिन्याला साडेसात-आठ हजारच मिळतात. अण्णांना मात्र शेवटच्या पगाराच्या निम्मं आणि त्यावर महागाई भत्ता.

‘भावाची फुकट वीज’ याच्यापुढे त्यानं काहीच लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, ‘साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय भावानं घेतला का?’ तो नाही म्हणाला. ‘त्याला पेन्शन?’ नाही. ‘पीएफ? आजारपणाची रजा?’ नाही. भावाला केंद्राचे आणि राज्याचे मिळून वर्षाला १२ हजार सन्मान निधी मिळतो, वहिनीला लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार. डिझेलवरचा कर, कीटकनाशकावरचा १८ टक्के जीएसटी तोही भरतो, आणि व्यापाऱ्याला मिळते तशी जीएसटीची वजावट त्याला मिळत नाही. हे सगळं त्यानंच, बायकोच्या मदतीनं, पानाच्या मागच्या बाजूला लिहून काढलं. मी फक्त विचारत होते. मोठ्या बागायतदाराच्या उत्पन्नावर कर असावा की नाही हा खरा वाद आहे. १९७२मध्ये अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीनं जमीनधारणेवर कर लावण्याची शिफारस केली होती आणि ती बासनात राहिली. त्या वादात याचं मत काहीही असो. ज्याचं सोयाबीन कुजलंय तो चार एकरवाला भाऊ त्यातला आरोपी नाही.

मध्येच त्यानं विचारलं, ‘आणि हे दर महिन्याचे दोनशे कसले?’ हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. महाराष्ट्रानं व्यवसाय कराचा कायदा १९७५मध्ये केला तो मुख्यतः रोजगार हमीला, म्हणजे खेड्यात मागेल त्याला काम देण्याच्या योजनेला, पैसा उभा राहावा म्हणून. १९७२च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना राज्यभर न्यायची होती, आणि शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी थोडा वाटा उचलावा असं ठरलं. मी हे सांगितल्यावर त्यानं बाहेर जाऊन अण्णांना फोन केला. परत आला तो म्हणाला, ‘आजी बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. आणि भावाच्या विहिरीला पाणी येतं तो पाझर तलाव पुढे हमीच्या कामातच झालाय म्हणे.’ याहून जास्त मी त्यावर बोलले नाही. तोही बोलला नाही.

आता ‘चांगला पगार’ म्हणजे किती? मी त्याला विचारलं होतं, किती झाला की शांत झोप लागेल? तो लगेच म्हणाला, ‘पंचवीस लाख.’ पंचवीसच का? उत्तर यायला वेळ लागला. त्याच्या विभागातल्या दोघांना उन्हाळ्यात काढलं होतं. घराचा हप्ता ३६ हजारांचा, शाळा आणि सोसायटीचे मिळून साडेचौदा हजार, आणि बँकेत जेमतेम दीड महिना निघेल एवढी शिल्लक. पगार कमी पडतोय ही त्याची भीती नव्हतीच, पगार बंद पडला तर काय ही होती. पंचवीस लाखांनी ती गेली नसती. पंचवीस लाखवाले साठ हजारांचे हप्ते आणि तीच भीती घेऊन माझ्याकडे येतात.

म्हणून मी पगाराकडे बघताना आधी हे बघते: नोकरी गेली तर घर किती महिने चालेल, पॅकेजमधला कितवा हिस्सा नक्की हातात येतो, आणि आजारपण व म्हातारपण यांची सोय पगारात आहे की फक्त आकड्यात. महिना ३० हजारांत आई-वडील आणि दोन मुलं सांभाळणाऱ्याला मी हे सांगत नाही. तिथे पगार खरोखरच कमी असतो आणि त्याला दुसरी नोकरी शोधायला मदत करणं हेच समुपदेशन. या घरात मात्र जागा होती. दोघांनी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक करायचं ठरवलं, गाडी बदलायचा बेत पुढे ढकलला, आणि आधीच्या कंपनीतलं पीएफ खातं, जे तसंच पडून होतं, ते आताच्या खात्याला जोडायला घेतलं. तशी जोडणी झाली की पेन्शनसाठी जुन्या नोकरीची वर्षंही मोजली जातात. बायकोनं एक गोष्ट त्याच्याकडून वदवून घेतली: ‘यापुढे स्लिप आली की ती आधी मी वाचणार.’

भावाला फोन करायला त्याला आणखी दोन आठवडे लागले. माफी कशी मागायची यावर आम्ही बरंच बोललो होतो, पण प्रत्यक्षात त्यानं विचारलं, ‘पंचनामा झाला का? पैसे जमा झाले का?’ धाकटा म्हणाला, ‘दादा, अर्धेच आलेत, तलाठी फोन उचलत नाही.’ मग दोघांनी मिळून तहसीलदाराकडे अर्ज केला. हा मोशीत बसून टाइप करायचा, तो बार्शीला नेऊन द्यायचा. बागायतदारांवर कर हवा यावर त्यांचं अजून एकमत नाही आणि त्यावर फोनवर चांगलं तासभर वाजतं, असं बायको सांगते.

फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या कंपनीची १८ लाखांची ऑफर आली. त्यातले साडेचार लाख कामगिरीवर अवलंबून, आणि पीएफ फक्त १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे कंपनीचा हिस्सा महिन्याला ६,००० ऐवजी १,८००. त्यानं परत लिहिलं, की बदलता भाग कमी करा, पीएफ पूर्ण मूळ वेतनावर द्या आणि एनपीएसची सोय ठेवा. कंपनीनं पहिलं नाकारलं, उरलेली दोन मान्य केली. निर्णय अजून झालेला नाही. आताच्या कंपनीत एप्रिलपासून एनपीएस सुरू करण्याचा फॉर्म त्यानं भरून ठेवला आहे.