टेबल लावायला घेतलं की हातच चालत नाही

"बदली होऊन दोन महिने झाले, सामान अजून खोक्यातच आहे. मी आळशी झालेय का?" पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, कारण सरकारी बदल्या साधारण एप्रिल-मेमध्ये होतात. माणूस रुजू होतो, पण टेबलावर बसत नाही. नुसता टेकतो.

स्मिताताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) महसूल खात्यात अव्वल कारकून. तालुक्याहून जिल्हाधिकारी कार्यालयात बदली. घरच्यांचं म्हणणं, "एक रविवार जा आणि लावून टाक." पण लावायचं कसं हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सरकारी रीत, तोंडपाठ. बैठकीवरचे (हातात काम चालू असलेले) कागद, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट पाहणारे), नियतकालिकं (ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद. जुन्या कचेरीत त्यांचं टेबल साहेब नव्या मुलांना दाखवायचे म्हणे.

झोप, जेवण ठीक होतं. (ते बिघडलं असेल, रडू आवरत नसेल, तर टेबलाचं राहू द्या. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं.)

मी म्हटलं, "उद्या काही लावू नका. ड्रॉवर उघडा आणि त्यात काय काय आहे ते मला येऊन सांगा."

त्या यादी करूनच आल्या. वाळलेलं स्टॅम्प पॅड. कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. कुणाचे तरी पासपोर्ट फोटो. सुपारीची पुडी. इथवर हसत होत्या. मग आवाज उतरला. "आणि तळाशी दोन स्मरणपत्रं. कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे आलेले कागद टिपायच्या वहीत, त्यांची नोंदच नाही."

"मग?"

"माझ्या अंगावर आली तर?"

गाठ इथे होती. आधीचे कारकून घाईत कार्यमुक्त झालेले, चार्जची (काम सोपवतानाची) यादी म्हणजे जेमतेम एक ओळ, आणि ताईंनी भिडेखातर सही केलेली. आता गठ्ठा सोडायचा म्हणजे दुसऱ्याची थकबाकी स्वतःच्या नावावर घेणं, असं त्यांच्या मनानं धरलं होतं. अशा वेळी टेबलावर कुंडी ठेवा, देवाचा फोटो ठेवा हे सल्ले मला फोल वाटतात. माझं काय आणि माझं नाही काय, हे कागदावर आल्याशिवाय जागा आपली होत नाही.

शाखेच्या नायब तहसीलदारांशी कसं बोलायचं याची आम्ही तालीम केली. पहिल्या खेपेला वाक्य निघालं, "सर, सॉरी, तुम्हाला त्रास देतेय..." ते मी तिथेच थांबवलं. घासूनपुसून उरलं ते असं: "सर, मी रुजू झाले त्या तारखेला काय काय प्रलंबित होतं, त्याची यादी केलीय. बघून सही कराल का?"

साहेब कुरकुरले, पण सही केली. त्यानंतर गठ्ठे बांधायला ताईंना माझी गरज नव्हती. फक्त खुर्चीबद्दल एक सुचवलं. पाठ दाराकडे होती, मागून कुणी "मॅडम" म्हटलं की दचकायच्या. टेबल फिरवून घेतलं.

ऑफिस अजून आवडलेलं नाही, चहा तर अजिबात नाही. पण आधीच्या कारकुनांना त्यांनी स्वतःहून फोन केला. एका स्मरणपत्राला उत्तर केव्हाच गेलं होतं, नोंद तेवढी राहिली होती. दुसऱ्या स्मरणपत्राचं काम चालू आहे.