थर्मलाइझ होणाऱ्या (म्हणजे उष्णतेच्या समतोलाकडे जाणाऱ्या) क्वांटम प्रणालीत वापरता येण्याजोगी ऊर्जा किती उरली, हे कसं मोजायचं?

सरासरी ऊर्जेवरून ते कळत नाही. अर्गोट्रॉपी काढा: फक्त युनिटरी (उलट फिरवता येणाऱ्या) क्वांटम क्रियांनी मिळू शकणारं कमाल कार्य. समजा, क्युबिटच्या (दोन ऊर्जापातळ्यांच्या क्वांटम प्रणालीच्या) पातळ्यांत 1 एकक अंतर आहे. सम सुपरपोझिशनमध्ये (दोन्ही पातळ्या एकाच वेळी, समप्रमाणात) अर्गोट्रॉपी 0.5 एकक. नुसता कोहेरन्स (दोन पातळ्यांमधला निश्चित कला-संबंध) गेला तर ऊर्जा तेवढीच राहते, अर्गोट्रॉपी मात्र थेट शून्य!

बरेच जण एक गोष्ट विसरतात. हॅमिल्टोनियन (प्रणालीची ऊर्जा ठरवणारा ऑपरेटर) स्थिर असेल तर संपूर्ण विलग प्रणालीची अर्गोट्रॉपी बदलतच नाही. एन्टँगलमेंट (भागांमधला क्वांटम गुंता) पसरल्यामुळे घटते ती साधारणपणे छोट्या भागाची. म्हणून त्या भागातल्या एक-दोन क्युबिटांची टोमोग्राफी (अनेक मोजमापांवरून अवस्था ठरवणं) करून घनता मॅट्रिक्स, म्हणजे त्या अवस्थेचं पूर्ण वर्णन, मिळवा. त्याची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू (इथे एक संभाव्यता) सर्वांत खालच्या ऊर्जापातळीला, पुढची त्यावरच्या पातळीला, अशी मांडणी करून ऊर्जा काढा आणि ती मोजलेल्या अवस्थेच्याच सरासरी ऊर्जेतून वजा करा.