वापरलेला कपडा वाचायला शीक

प्रिय,

नाटक-सिनेमासाठी वेशभूषाकार व्हायचंय असं सांगणारं तुझं पत्र आणि सोबतची पोशाखांची चित्रं मिळाली. हात छान तयार आहे. पण त्यातला एकही कपडा कुणी कधी अंगात घातला असेल असं वाटत नाही, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

घरातल्या कुणाचा तरी पाच-सहा वर्षं वापरलेला शर्ट घे आणि खिडकीपाशी उजेडात धर. कॉलर मानेला घासते तिथे आधी विरते. एक कफ दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला असतो, कारण लिहिताना माणूस तोच हात टेबलावर टेकवतो. पेन अडकवायची सवय असेल तर खिशाची कड एका बाजूने ओघळलेली दिसते. खांद्यावरचा रंग उडतो, शिवणीच्या आत दडलेली माया, म्हणजे शिवताना सोडलेलं जादा कापड, मात्र नव्यासारखीच राहते. एखादं बटण निराळ्या दोऱ्याने लावलेलं असेल, तर ते कुणी लावलं, घाईत लावलं की निगुतीने, हे मनात यायला हवं. पात्र तिथेच सापडतं. नवा शर्ट जुना करायला पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चहाचं पाणी लागतं, पण कुठे घासायचं हे हा शर्टच सांगतो. सगळीकडे सारखंच घासलं की कपडा नुसता मळका दिसतो.

मग संहिता. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता वाच. दुसऱ्या वाचनात तक्ता कर: कोणतं पात्र, कोणता प्रवेश, गोष्टीतला कितवा दिवस. चित्रपट ओळीने चित्रित होत नाही. माणूस आज दारातून बाहेर पडतो आणि त्या दारापलीकडचा रस्ता महिन्याभराने चित्रित होतो. किती बटणं उघडी होती, बाहीला किती घड्या होत्या, याचे फोटो आणि नोंदी नसतील तर कंटिन्युटी, म्हणजे दोन दृश्यांमधला सलगपणा, गेलीच.

मी सहायक असताना पावसाच्या एका दृश्यासाठी एकच कोट तयार ठेवला होता. पहिला टेक झाला आणि दिग्दर्शकांनी दुसरा मागितला. पात्र कोरड्या कोटात पावसात शिरणार होतं आणि कोट निथळत होता. ड्रायरने वाळवायला दोन तास गेले. तरी अस्तर ओलंच राहिलं, आणि त्या नटाने ते काकडत पुन्हा अंगात घातलं. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. तेव्हापासून पाऊस, रक्त, मारामारी असं काहीही दिसलं की मी आधी त्याच कपड्याच्या किती प्रती लागतील ते मोजते; स्टंट करणाऱ्याच्या वेगळ्या. सगळ्या प्रती सारख्याच झिजलेल्या हव्यात.

कॅमेऱ्यापुढे फार बारीक रेघांचं कापड नको, पडद्यावर लहरी उठतात. शुभ्र पांढरं दिव्यांखाली भगभगतं, ते थोडं मळवून घ्यावं. कापड सळसळत असेल तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आधीच ऐकव, कारण माइक कपड्यातच लपवलेला असतो. रंगमंचाचं गणित निराळं. शेवटच्या रांगेतून नाजूक भरतकाम दिसत नाही. दिसतो तो आकार, रंग आणि कापडाचा झोक. विंगेत अंधारात अर्ध्या मिनिटात कपडे बदलायचे असतील तर पुढची बटणं नुसती दाखवायची आणि खरी उघडझाप मागून वेल्क्रोने करायची. रंगीत तालमीआधी हा बदल घड्याळ लावून दहादा करून घे. आणि कपडा प्रयोगामागून प्रयोग घामात भिजणार आहे, तेव्हा तो कसा धुतला जाईल ते कापड निवडतानाच ठरव.

ट्रायलला आधी बूट घालायला दे, चाल तिथूनच बदलते. मग बसायला सांग, वाकायला, हात वर करायला. आणि मापं कधीही मोठ्याने उच्चारू नकोस. आरशापुढे उभा असलेला कलावंत त्या क्षणी फार उघडा असतो. खोलीत गरजेपेक्षा एकही जास्त माणूस ठेवू नकोस. कुठे आवळतंय, कशाचा संकोच वाटतोय, हे त्याने तुला विश्वासाने सांगायला हवं. या कामातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पदवी लागतेच का, असं विचारलंस. पदवीने पाया पक्का होतो, पण वाट एकच नाही. वेशभूषाकार भानू अथैया चित्रकलेतून आल्या आणि १९८३मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्करच्या मानकरी ठरल्या. आठ ऑस्कर मिळवणाऱ्या हॉलिवूडच्या वेशभूषाकार ईडिथ हेड आधी शाळेत भाषा शिकवत होत्या. तू एखाद्या नाटकाच्या कपडेपटात शिरकाव करून घे. इस्त्री कर, उसवलेलं शीव, प्रयोगानंतर कपडे मोजून ठेव. कपडा कुठे फाटतो हे तिथे आधी कळतं.

पैशांचं थोडक्यात: तुझं मानधन आणि कपड्यांचा खर्च यांचे आकडे कागदावर वेगवेगळे लिहून घे, पावत्या त्याच दिवशी लाव.

पुढच्या पत्रात चित्रं नकोत. त्या शर्टाबद्दल दोन पानं लिहून पाठव. तो कुणाचा आहे, वय काय, काम काय, हे लिहू नकोस. ते मी ओळखून कळवते.

सस्नेह,
तुझी ताई